चढ आला की उतरायचं

परवा सीताबर्डीवर एका हातगाडीवर मृगबहाराची संत्री दिसली आणि मी थबकलो. संत्री पाहून नागपूरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं, तर मला घाम सुटला! गाडीवाला म्हणाला, "घ्या ना काका, शक्कर आहे शक्कर." मी घेतली. पण घरी येईपर्यंत पिशवीतून तो वास येत राहिला, आणि मी मनानं पुन्हा आमच्या वस्तीच्या त्या रेल्वे फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.

मृगाची संत्री बाजारात येतात तेव्हाच दहावीची परीक्षा असते. शहराबाहेर पळस लाल झालेला असतो, सावरीखाली तिच्या जाड फुलांचा सडा पडून चिखल होतो. सकाळी शाल लागते आणि दुपारी कूलरची आठवण येते. गल्लीत कुणी मोठ्यानं गाणं लावलं की दोन-तीन खिडक्यांतून एकदम आवाज येतो, "परीक्षा आहे ना बे!" एरवी आमच्या गल्लीत कोणी कोणाचं ऐकत नाही. या दिवसांत मात्र नवरा-बायकोची भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात.

माझ्या स्वतःच्या परीक्षा केव्हाच संपल्या. वीज खात्यात वायरमन म्हणून लागलो, जन्मभर खांबावर चढलो आणि उतरलो, रिटायर झालो. आता सत्तरीला टेकलो आहे. तरी दर फेब्रुवारीत मी परीक्षेला बसतोच, आणि त्याला कारण आमची सूनबाई.

अर्चना बर्डीवरच्या एका कापडदुकानात होती. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. मुलगा चंद्रपूरकडे सिमेंटच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येणार. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मामाजी, मी बॅटरी रिक्षा घेऊन राहिली." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाईच म्हणतात. माझ्या हातातला घास हातातच राहिला. आमच्या सौभाग्यवती मात्र तयारच होत्या. "काय वं बाई, बायामानसाचं काम आहे का हे?"

"आत्याबाई," अर्चना म्हणाली, "दुकानात मालक म्हणन तिकडं वळतो मी. रिक्षात कुठी वळाचं थे माह्या हातात राहीन."

मी वरण वाढून घेतलं.

रिक्षा आली. हिरव्या रंगाची, पुढं एक चाक, मागं दोन समोरासमोरची बाकं, सीटखाली बॅटऱ्या. माझ्यासारख्या करंटच्या माणसाला तर ती पाहून भरूनच आलं. धूर नाही, आवाज नाही, रात्री प्लग लावायचा आणि सकाळी निघायचं. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हार घातला. फक्त एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो होतो. आमच्या वस्तीतून कुठंही जायचं म्हणजे रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे.

माझ्या लहानपणी तिथून छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, जायची. आत्ताच्या पोरांना सांगितलं तर गंमत वाटते, पण इंजिन कोळशावर चालणारं, वाफेचं. आमचा बाप काटोलकडच्या संत्र्यांची बैलबंडी हाकायचा, आणि सुट्टीत आम्ही भावंडं बंडीत संत्र्यांवर गवत टाकून बसायचो. फाटक लागलेलं असलं की बाप खाली उतरून बैलांच्या समोर उभा राहायचा, त्यांच्या डोळ्यांवर आपला शेला धरायचा. इंजिन जवळ यायचं, सुस्कारा सोडायचं आणि आम्ही सगळे वाफेत न्हाऊन निघायचो. वाफ विरली की तोंडावर कोळशाची बारीक कच लागलेली असायची. त्या वाफेला संत्र्यांचा वास मिसळलेला असायचा. तो वास मला पुन्हा कुठं मिळाला नाही.

फाटकापुढं नाला होता आणि नाल्याचा चढ. तिथं बापाचा एकच नियम. "चढ आला का उतरा रे लेकहो. बैलाले बोलता येत नाई." आम्ही टणाटण उड्या मारायचो. बाप स्वतः उतरायचा, सोबत बसलेली म्हातारीकोतारी उतरायची. कुणी आळस केला तर बाप रागवायचा नाही, नुसतं बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. मग आळशी माणूस आपोआप उतरायचा. ही रीत काही त्याची एकट्याची नव्हती. तेव्हा सगळेच बंडीवाले असं करायचे.

पुढं छोटी लाईन गेली आणि मोठी आली. रुळाखाली गिट्टीचे थर चढले, रस्ता होता तिथंच राहिला, आणि आमच्या सपाट फाटकाला दोन्हीकडून चांगला उंच चढ झाला. वर विजेच्या तारा आल्या, फाटकाच्या अलीकडं-पलीकडं लोखंडी कमान आली, तिच्यावर पाटी: सावधान, पंचवीस हजार व्होल्ट. रस्त्यावरून येणारी बॅटरी रिक्षा त्या कमानीखाली आली की चढावर मान टाकायची. वर तारेत एवढा करंट आणि तिच्या खाली आमची गाडी करंटवाचून अडलेली! मी वायरमन माणूस, मला हे बघवत नसे.

फाटकापाशी ऑटोचा स्टँड होता. तिथला दादाराव ऑटोवाला तंबाखू मळत म्हणायचा, "वहिनी, बुरा नका मानू, पन बॅटरीवालं हे फाटक चढत नाई." वाईट मनानं नाही म्हणायचा, पण रोज म्हणायचा. एकच गोष्ट रोज ऐकली की लोकांना ती खरी वाटू लागते. गिऱ्हाईक अर्चनाच्या रिक्षाकडं यायचं, चढाकडं बघायचं आणि दादारावच्या ऑटोत जाऊन बसायचं.

तेव्हा मला बाप आठवला. म्हटलं, अर्चना, बॅटरीलाही बोलता येत नाही. मीटरच्या काट्यावर सगळं हिरवं दाखवते आणि चढ आला की दगा देते. आपण सवाऱ्यांना उतरवू. त्या पायी फाटक ओलांडतील, मागून रिकामी गाडी येईल, पलीकडं पुन्हा बसतील. अर्चना हसली, म्हणाली, "मामाजी, पैशे देऊन कोन पायी चालते?" पण करून पाहिलं. आणि बाप्पा, लोक उतरले! बाया तर खुशीनं उतरल्या. पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या बंडीत बी असंच उतरत होतो आमी." रीत मेली नव्हती, नुसती कोणी हाक मारली नव्हती.

अशात परीक्षा आली. आमच्या गल्लीतल्या चार पोरी दहावीला होत्या आणि त्यांचं सेंटर फाटकापलीकडं. चौघींच्या आया आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. बोलणी लग्नाच्या बैठकीसारखी चालली. शेवटी ठरलं: पोरी अर्चनासोबत जातील, पण घरचं कोणी मोठं माणूस सोबत पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रिटायर माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

त्या बायांनी आपल्या पोरी अर्चनाच्या हातात दिल्या होत्या हे तिला नीट कळलं होतं. पहिल्या दिवशी निघताना ती मला हळूच म्हणाली, "मामाजी, एक दिवस जरी उशीर झाला ना, मंग माह्या गाडीत कोनी मांजर बी बसवनार नाई." तिनं ते हसत म्हटलं, पण निघण्याआधी ब्रेक दोनदा दाबून पाहिला.

मराठीचा पेपर झाला, इंग्रजीचा झाला. रोजचा क्रम ठरून गेला. फाटक आलं की पोरी उड्या मारायच्या, मीही उतरायचो. मी पुढं अर्चनाशेजारी अंग चोरून बसे, वजनानं दोन पोरींइतका. आम्ही पायी पलीकडं जायचो, हलकी झालेली गाडी तुरुतुरु चढून यायची. परतताना मी संत्री घ्यायचो. पोरी झाडून सगळ्या साली सीटखाली टाकायच्या आणि अर्चना ओरडायची, "कचराकुंडी आहे का वं माही गाडी?" आणि मग त्याच साली घरी नेऊन वाळत घालायची, उटण्याला. साऱ्या रिक्षाला वास यायचा. मला तर वाटायचं हा मोसम असाच चालत राहावा, पेपर संपूच नयेत. पोरींना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला फाटकावरच सोडलं असतं.

गणिताच्या आदल्या संध्याकाळी गारा पडल्या. आमच्याकडं हे नवं नाही, मोहोर आला की गार हटकून येते. टिनावर ताशा वाजल्यासारखा आवाज झाला, आणि लाईट गेली. मी जुन्या सोबत्यांना फोन केला. उत्तर आलं, "काका, फॉल्ट शोधून राहिलो." हे वाक्य मी स्वतः जन्मभर लोकांना सांगितलं होतं, ते ऐकणाऱ्याला कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. लाईट आली तेव्हा रिक्षा चार्ज व्हायला वेळच उरला नव्हता. सकाळी काटा हिरवा होता. अर्चनानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. काट्यावर दोघांचाही भरवसा नव्हता, पण दादारावला बोलावून पोरी त्याच्या ऑटोत बसवणं तिच्या जिवावर आलं होतं. ती म्हणाली, "जाऊ हळूहळू."

गेलो हळूहळू. फाटक उघडं होतं. पोरी उतरल्या, मी उतरलो, रूळ ओलांडून पलीकडं गेलो. मागं वळून पाहतो तर भोंगा वाजायला लागला आणि दांडा खाली यायला लागला. अर्चनानं गाडी जागीच थांबवली, शहाण्यासारखी. आम्ही इकडं, ती तिकडं. मी म्हटलं, ठीक आहे, गाडी जाईल, फाटक उघडेल. तेवढ्यात चौघींतली प्राची, सगळ्यांत गरीब स्वभावाची, पांढरीफटक पडून म्हणाली, "आजोबा, बॅगा!"

बॅगा रिक्षात होत्या. चौघींच्याही. हॉल तिकिटं, कंपास, पेन, सगळं त्या तिकडं. चढावर गाडी हलकी करायची म्हणून आम्ही माणसं उतरवली, आणि हात हलवत पलीकडं येऊन उभे राहिलो!

प्राची दांड्याखाली वाकली. आमच्या इथं वाकतात लोक, सायकल आडवी करून सुद्धा निघून जातात. मी तिचं मनगट धरलं. पोर रडत होती, हात सोडवायला बघत होती, आणि सत्तरीकडं झुकलेल्या माझ्या हातात कुठून जोर आला मला माहीत नाही. तिकडून अर्चनाचा आवाज आला. दुकानात हळू बोलायची सवय लागलेली माझी सून फाटकाच्या पलीकडून ओरडली, "प्राची! पाय बी नको टाकू! बॅग नाई हरवत! मी आहो ना इथं!"

मग गाडी आली. कोळशाची मालगाडी. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, संपायचं नाव नाही. दोन डब्यांच्या फटीतून क्षणभर पलीकडचं दिसायचं. एका फटीत दिसलं, अर्चना सीटवरून उतरली आहे. दुसऱ्या फटीत, तिनं एक बॅग खांद्याला लावली आहे. मग दोन. मग चारही, पुढं-मागं लटकावलेल्या, हमालासारखी. रिक्षा चढली नाही तर पळत यायची तयारी करून ती माउली उभी होती. मी प्राचीचं मनगट धरूनच होतो, पण आता कोण कोणाला धरून होतं सांगता येत नाही.

माणसाचं मन विचित्र असतं. तेवढ्या घालमेलीतही मला दुसरंच सुचत होतं. हा कोळसा जाणार कुठं? कोराडीच्या नाहीतर मौद्याच्या वीजकेंद्रात. तिथं जळणार, पाण्याची वाफ होणार, वाफेवर चक्र फिरणार, करंट तयार होऊन तारेतून आमच्या गल्लीत येणार आणि रात्री अर्चनाच्या बॅटरीत भरणार. आम्हाला अडवून उभी असलेली ही गाडीच आमच्या रिक्षाचा दाणागोटा घेऊन चालली होती! वाफेचं इंजिन गेलं, वाफ गेली असं आम्ही म्हणतो. ती गेली नाही, चिमणीखाली जाऊन बसली आणि तिथून आम्हाला ओढते आहे. हा विचार मी पोरींना बोलून दाखवला. त्या वेळी चौघींनी ज्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं, ती मी विसरलो नाही.

शेवटचा डबा गेला. दांडा उचलला. दोन्हीकडून गर्दी घुसली, जशी रोज घुसते, अख्खा रस्ता भरून. अर्चनानं बॅगा अंगावर तशाच ठेवून गाडी सुरू केली. पण उभ्या जागेवरून चढ घ्यायचा, मागून धाव नाही, बॅटरी उपाशी. गाडी अर्धा चढ चढली आणि गप्प झाली. पुढं नाही, मागं नाही. अर्चना ब्रेक दाबून बसली. चहूकडून हॉर्न. कोणीतरी ओरडलं, "बाई, चालवता येत नाई तं काहून घेते?"

माझ्या हातातून मनगट सुटलं. या वेळी मी धरलं नाही, फाटक उघडं होतं. चौघीही गर्दीतून, मोटारसायकलींमधून वाट काढत उलट्या पळाल्या. रिक्षाच्या मागं गेल्या आणि हात लावले. गणवेशातल्या चार पोरी, वेण्या, रिबिनी, आणि आठ हात. गाडी बोटभर सरकली आणि थांबली. तेव्हा मागच्या ऑटोतून दादाराव उतरला. मला वाटलं, आता म्हणणार, मी सांगत नव्हतो का. तो म्हणाला, "हटा वं पोरींनो, मले जागा द्या," आणि खांदा लावला. त्याच्या ऑटोत दोन बाया भाजीच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्या न सांगता उतरल्या. एकीनं टोपली रस्त्याच्या कडेला ठेवली आणि पदर खोचला. "लावा जोर!" दादाराव ओरडला. हॉर्न वाजवणारे हॉर्न वाजवतच होते. आणि गाडी चढली. पहिला रूळ, दुसरा रूळ, कमानीखालून पार.

पलीकडच्या उतारावर अर्चनानं स्विच बंद केला. पोरी बसल्या, मी कसाबसा लटकलो, आणि गाडी आपल्या वजनानंच घरंगळत निघाली. सपाटीवर आल्यावर स्विच लावला. तेवढ्या विसाव्यानं बॅटरीत थोडी धुगधुगी आली होती. शाळेचं गेट दिसलं तेव्हा ते उघडंच होतं. अर्चनानं चारही बॅगा एकेकीच्या पाठीवर स्वतः चढवल्या. प्राची आत जाताना वळली आणि म्हणाली, "काकू, पेपर सोपाच जाईन आता. कठीन तं होऊन गेलं."

पोरी आत गेल्यावर अर्चना शाळेच्या भिंतीला टेकून बसली. मी खिशातलं संत्रं सोललं, फोडी तिच्या हातावर ठेवल्या. एक फोड खाऊन ती रडली. मी दुसरी फोड दिली. डोळे पुसून ती म्हणाली, "मामाजी, उद्यापासून बॅगा पोरीयच्या पाठीवरच. चढ आला का उतराचं, पन आपलं सामान घेऊन." मी म्हटलं, माझ्या बापाच्या नियमात एवढं राहूनच गेलं होतं. तेव्हा कुठं ती हसली.

दुसऱ्या दिवशी फाटक लागलं तेव्हा दादारावनं ऑटो कडेला घेतला आणि मागच्यांवर खेकसला, "अबे, बॅटरीवालीले पयले जाऊ द्या! धाव घिऊ द्या तिले!" पुढं तो शिरस्ताच पडला. फाटक उघडलं की आधी बॅटरी रिक्षा, मग बाकीचे. कोणी पाटी लावली नाही, कोणी पोलीस उभा केला नाही. नागपूरची माणसं भांडतात खूप, पण एकदा खांदा लावला की मग ते आपलंच समजतात. पोरी पास झाल्या, चौघीही. पुढच्या साली अर्चनाच्या रिक्षासाठी आयांमध्ये भांडणं लागली, आणि ती मात्र मोठ्या आवाजात झाली.

आता ते फाटक नाही. उड्डाणपूल झाला, फाटकाच्या जागी भिंत आली. अर्चनानं बॅटरीही नवी घेतली, हलकी आणि दमदार. यंदाचा पहिला पेपर आज होता. गाडीत नव्या चार पोरी, पुढं मी, अंग चोरून. पुलाच्या पायथ्याशी ट्रकमागं गाडी मंदावली. समोर चढ दिसला आणि मी उतरलो. सवय हो! अर्चनाला कळायच्या आत रस्ता मोकळा झाला, मागून गाड्यांचा रेटा आला आणि रिक्षा भर्रकन वर निघून गेली. भरलेली. न थांबता. मी रस्त्याच्या कडेला उभा.

वाईट वाटलं का? खरं सांगू, खूप आनंद झाला. गाडी चढत होती आणि तिला माझ्या उतरण्याची गरज नव्हती. मग मी चालायला लागलो, आणि गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. अर्ध्यावर कठडा धरून थांबलो. खाली जुनी लोखंडी कमान अजून उभी होती. मालगाडी चालली होती, कोळशाचीच. जन्मभर मी मान वर करून तारा पाहिल्या, आज त्या माझ्या पायाखाली होत्या. दम खाल्ला, पण पुढं पाऊल टाकायचं काही जमेना.

वर पाहिलं तर रिक्षा माथ्यावर कडेला थांबली होती. चार पोरी उतरल्या होत्या, चौघींच्या पाठीवर बॅगा, आणि माझ्याकडं पळत खाली येत होत्या. वेळ भरपूर होता, आम्ही नेहमीच लवकर निघतो. "आजोबा, काहून उतरले तुमी?" एकीनं विचारलं.

"चढ आहे ना वं," मी म्हटलं.

त्या हसत सुटल्या. एकीनं माझा दंड धरला, दुसरीनं पाठीला तळवा लावला. मी म्हणालो, राहू द्या, पेपर आहे तुमचा, जा. तोच माथ्यावरून माझ्या सुनेचा आवाज आला, साऱ्या पुलाला ऐकू जाईल असा:

"ढकला वं पोरींनो, जुनी बॅटरी आहे थे!"

पोरींनी ढकललं, आणि मी चढलो.